प्रूफं तपासायला मोठा टॅब आणि पेन चालतो का? जून ते दिवाळीचा अनुभव

मी साताऱ्यात राहून पुण्यातल्या प्रकाशकांची प्रूफं, म्हणजे पुस्तक छापण्याआधी चुका बघायला काढलेली पानं, तपासते. मुद्रितशोधन आणि जमेल तसं थोडं संपादन, एवढाच माझा व्यवसाय. जून २०२५ पासून हे काम मी टप्प्याटप्प्याने कागदावरून मोठ्या टॅबवर आणलं. घेण्याआधी खूप शोधाशोध केली. टॅब आणि पेनाबद्दल जे मिळालं, ते जवळजवळ सगळं चित्रकारांसाठी किंवा नोट्स काढणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी होतं. मराठी पुस्तकाचं पान, श्रीलिपी या जुन्या फॉन्टात जुळवलेला मजकूर आणि पलीकडे वर्षानुवर्षं पेजमेकर या पानजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरवर हात बसलेले डीटीपीवाले (संगणकावर पुस्तकाची पानं जुळवणारे) काका, या तिघांचं टॅबशी कसं जमतं हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. माझ्यासारखं काम करणाऱ्या दोघी-तिघींनी नंतर फोन करून तेच विचारलं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधीची पद्धत अशी होती. पुण्यात प्रूफ छापायचं, कुरिअरने माझ्याकडे यायचं, मी लाल पेनने खुणा करायच्या आणि गठ्ठा परत पाठवायचा. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, फायनल. प्रत्येक फेरीत चार-पाच दिवस नुसते वाटेत जायचे. पावसाळ्यात त्याहून जास्त. मे महिन्यात एका प्रकाशकांनी कळवलं की यापुढे फक्त पीडीएफ येईल, कागद हवा असेल तर तुमचा तुम्ही छापा. २४० पानांचं पुस्तक तीन वेळा छापायचं म्हणजे ७२० कागद. पानाला दोन रुपये धरले तरी १,४४० रुपये झाले आणि ते माझ्या मजुरीतूनच जाणार होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. रकमेचं एवढं नव्हतं. बाकीचे प्रकाशकही याच वाटेने जाणार हे दिसत होतं आणि मला पडद्यावर काम जमलं नाही तर कामच बंद होईल, ही भीती खरी होती.

आधी लॅपटॉपवर करून पाहिलं. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आपण मराठी टाइप करतो त्या पद्धतीने, जुळवलेल्या पुस्तकाला ते बऱ्यापैकी जमतं. पण पुण्यातली बरीच पुस्तकं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवली जातात. या फॉन्टांत देवनागरी चिन्हं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. आपल्याला डोळ्यांना ‘दूध’ दिसतं, संगणकाला मात्र तिथे काहीतरी भलतीच रोमन अक्षरं आहेत असं वाटतं. त्यामुळे पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही. मजकूर उचलून टिपणात चिकटवला तर तो वाचता येत नाही. वेलांटी, काना, रफार ही सगळी सुटी चिन्हं असल्यामुळे नेमकी एक वेलांटी निवडायला गेलं की भलतंच काही निवडलं जातं. मग प्रत्येक चुकीसाठी टिपण उघडून ‘वरून सहावी ओळ, तिसरा शब्द, दुसरी वेलांटी दीर्घ’ असं टाइप करत बसायचं. एका पानाला कागदावर जितका वेळ लागतो त्याच्या दुपटीहून जास्त लागू लागला. माझ्या मते टॅबची खरी गरज इथे आहे. जिथे चूक आहे तिथेच हाताने खूण करता आली, तर फॉन्ट जुना आहे की नवा याने काहीच बिघडत नाही.

आकाराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण दुकानात गेल्यावर सगळे इंच नुसते कर्णाचे सांगतात आणि आपल्या कामाला हवी असते रुंदी. डेमी पुस्तकाचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच. १६:१० प्रमाणाच्या ११ इंची टॅबचा पडदा साधारण ५.८ बाय ९.३ इंचांचा असतो. त्यात डेमी पान कसंबसं मावतं, पण वर ॲपची पट्टी आली की ते आक्रसतं आणि समासात खुणा करायला जागाच राहत नाही. १२.४ इंची पडदा ६.५७ बाय १०.५ इंचांचा भरतो. यात डेमी पान पुस्तकात छापलं जाईल तेवढ्याच आकारात दिसतं आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच उरतो. १३ इंची आयपॅडचं प्रमाण ४:३, म्हणून तो साधारण ७.७५ बाय १०.३५ इंच, म्हणजे मासिकाच्या पानालाही पुरेल असा. मी जाड पुठ्ठ्याचे या तीन मापांचे तुकडे कापले आणि त्यांवर पुस्तकं उघडी ठेवून पाहिलं. खर्च काही नाही आणि निर्णय लगेच होतो. तुमचं बहुतेक काम क्राउन आकाराचं, म्हणजे ५ बाय ७.५ इंचांचं असेल, तर ११ इंची टॅबही पुरेल. उगाच मोठा घेऊ नका.

मग पैशांचं गणित केलं. आयपॅड एअर १३ इंची तेव्हा ७९,९०० रुपयांचा होता. त्यावर पेन्सिल प्रो घ्यायची तर ११,९०० आणि साधी यूएसबी-सी पेन्सिल घ्यायची तर ७,९००. साध्या पेन्सिलीत दाबानुसार रेघ जाड-बारीक होत नाही, पण प्रूफाच्या खुणांना त्याची गरजही नसते. तरी बेरीज ८७,८०० होत होती. सॅमसंगचा टॅब एस९ एफई प्लस हा २०२३ सालचा १२.४ इंची टॅब तोवर एक पिढी जुना झाला होता आणि सवलतीत मिळत होता. त्याचं पेन सोबतच येतं आणि ते चार्ज करावं लागत नाही. दिवसाचे सहा-सात तास पेन हातात असणार असेल, तर या गोष्टीचं मोल फार आहे. १४ जूनला साताऱ्यातल्याच दुकानातून तो ३८,५०० ला घेतला. चार्जर वेगळा घ्यावा लागतो, त्याचे १,९००. उभं करता येणारं कव्हर १,२००. एकूण ४१,६००.

बिल व्यवसायासाठीच घ्यायचं असेल तर दुकानात आधी सांगा, नाव आणि पत्ता नीट घालून घ्या आणि अनुक्रमांक बिलावर आहे का ते बघा. किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. आपली उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने नोंदणी नसते, त्यामुळे तो परत मिळत नाही. माझ्या सीएंनी टॅब संगणकात धरला, त्यावर ४० टक्के घसारा (वस्तू जुनी होते म्हणून उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो. वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच मिळतो. म्हणजे खरेदी ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या आत केलेली बरी. मात्र तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या कलमाखाली (प्रत्यक्ष खर्च न दाखवता उलाढालीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरून) विवरणपत्र भरत असाल तर घसारा वेगळा दाखवता येत नाही. हे एकदा विचारूनच घ्या.

पहिले काही दिवस अवघड गेले. काचेवर पेन घसरतं. माझं अक्षर वाढून मोठं होऊ लागलं आणि समासातलं ‘ऱ्हस्व’ शेजारच्या ओळीवर चढू लागलं. कागदासारखा खरखरीतपणा यावा म्हणून मॅट फिल्म लावतात, ती लावून पाहिली. लिहायला फार बरं वाटलं, पण वाचायला नाही. मॅट फिल्ममुळे पडद्यावर बारीक चमचमणारे कण दिसतात आणि आपलं सगळं काम अनुस्वारावर असतं. ‘नाव’ आणि ‘नांव’ यांतला तो एक ठिपका जर क्षणभर शोधावा लागत असेल, तर लिहिण्याचं सुख काय कामाचं? दोन दिवसांत ती काढली. त्याऐवजी टेबल खिडकीला समांतर न ठेवता काटकोनात ठेवलं आणि चकाकी गेली. अक्षराला मात्र सरावच करावा लागला. रोज सकाळी अर्धा तास जुन्या पीडीएफवर नुसत्या खुणा करत बसायचे. आठवड्याभरात हात वळला.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी आधीच करून ठेवा. बोटाने रेघ उमटू नये, फक्त पेनाने उमटावी, असा पर्याय जवळजवळ सगळ्या ॲपमध्ये असतो, तो चालू करा. म्हणजे तळहात निर्धास्त टेकता येतो. दुसरं, पडद्याचा उजेड आपोआप कमी-जास्त होणं बंद करा. ढगाळ दिवसात तो सतत बदलतो आणि डोळे दमतात.

ॲप निवडताना मी एकच गोष्ट पाहिली. पेनाची खूण पीडीएफवर ‘टिप्पणी’ म्हणून साठते की पानाचं चित्र होऊन जातं? वह्यांसारखी जी ॲप असतात, त्यांतली काही फाइल बाहेर काढताना प्रत्येक पान सपाट चित्र करून टाकतात. फाइल अवाढव्य होते आणि पलीकडच्याला खुणांची यादी मिळत नाही. खूण टिप्पणी म्हणून राहिली तर ॲक्रोबॅट या पीडीएफच्या सॉफ्टवेअरमध्ये बाजूला पानवार यादी दिसते आणि डीटीपी ऑपरेटर एकेक करेक्शन टाकून पुढे जाऊ शकतो. मी झोडो वापरते. तुम्ही काहीही वापरा, पण आधी तीन-चार पानांवर खुणा करून ती फाइल तुमच्या ऑपरेटरकडे पाठवा आणि त्यांच्या संगणकावर काय दिसतं ते फोनवर विचारा.

हे मी जूनच्या शेवटी केलं आणि तिथेच माझे डोळे उघडले. काका म्हणाले, “ताई, पडद्यावर सगळं दिसतंय. पण मी पडद्यावर बघून करेक्शन टाकू कुठं? त्याच पडद्यावर पेजमेकर उघडलाय.” अगदी रास्त होतं. त्यांच्याकडे एकच जुना मॉनिटर. ते प्रूफ छापून शेजारी ठेवतात आणि करेक्शन टाकलं की त्यावर बरोबरची खूण करतात. छापल्यावर दोन अडचणी निघाल्या. पहिली, छापताना ‘मजकूर आणि खुणा’ असा पर्याय निवडला नाही तर खुणा छापूनच येत नाहीत. दुसरी, त्यांचा लेझर प्रिंटर काळापांढरा. माझी लाल बारीक रेघ छापल्यावर फिकट राखाडी होऊन मजकुरात मिसळून जात होती. तेव्हापासून मी गडद निळा रंग आणि मध्यम जाड रेघ वापरते. पडद्यावर तितकं छान दिसत नाही, पण कागदावर स्पष्ट उठतं. शिवाय प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात त्या पानावरच्या एकूण दुरुस्त्यांचा आकडा लिहून त्याला गोल करते. काकांना पान संपवताना आकडा जुळवता येतो. या एका सवयीने दुसऱ्या प्रुफात राहून गेलेली करेक्शनं जवळजवळ संपली.

सगळ्यात मोठा फायदा मात्र काकांनीच करून दिला. ते पीडीएफ नेहमी ए४ आकाराची काढत. ए४ म्हणजे ८.२७ इंच रुंद, माझा पडदा ६.५७. पान पडद्यावर ७९ टक्के होऊन दिसायचं, पुस्तकातला १२ पॉइंटचा टाइप साडेनऊचा वाटायचा. सारखं मोठं करायचं, सरकवायचं, पुन्हा लहान करायचं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं की पीडीएफचा कागद ६.५ बाय १० इंच असा ठेवता येईल का. त्यांनी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये तसं माप करून ठेवलं. पुढची फाइल उघडली तेव्हा वाचक जसं पान हातात धरेल तसंच ते समोर होतं, चारी बाजूंना खुणांपुरती जागा ठेवून. बोटाने मोठं-लहान करायची गरज उरली नाही. फार आनंद झाला. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे जमणार. तुमचा पडदा वेगळ्या मापाचा असेल तर त्याची लांबी-रुंदी मोजा, ॲपच्या पट्टीसाठी लांबीतून अर्धा इंच वजा करा आणि ते माप ऑपरेटरला द्या. टॅब किती भारी आहे यापेक्षा या एका गोष्टीने कामात जास्त फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या प्रुफाची गोष्ट वेगळी. तिथे मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी ठेवून वाचावं लागतं. पडद्याचे दोन भाग करून पाहिले तर प्रत्येक भाग सव्वापाच इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच उरतो, डेमी पान तीन-चतुर्थांश आकाराचं होतं. ओळी निसटतात. म्हणून मूळ प्रत लॅपटॉपवर किंवा कागदावर आणि प्रूफ टॅबवर, असंच करते. लेखकांचं हस्तलिखित कागदावर असेल तर ते कागदावरच राहू द्या, फोटो काढून टॅबवर आणायच्या फंदात पडू नका.

लांबलचक भर घालायची असेल, एखादी ओळ किंवा परिच्छेदच गाळला गेला असेल, तर पेनाने लिहीत नाही. तिथे टिपण उघडून युनिकोडमध्ये टाइप करते आणि पानावर ‘टिपण पाहा’ अशी खूण करते. युनिकोडचा मजकूर श्रीलिपीत बदलताना जोडाक्षरं कधी कधी फुटतात, म्हणून काका तो बघून पुन्हा टाइप करतात. पण निदान माझं अक्षर लावत बसावं लागत नाही. उलट ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतल्या ‘ऱ्या’ आणि ‘र्या’सारखी जागा टाइप करून समजावण्यापेक्षा हाताने काढून दाखवलेली बरी. तिथे पेन फार उपयोगी पडतं.

ऑगस्ट उजाडला आणि दिवाळी अंकांचं काम सुरू झालं. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे अंक सप्टेंबरअखेर छापायला जायला हवेत. माझ्याकडे आलेल्या अंकाचं पान सव्वासात बाय साडेनऊ इंचांचं. माझ्या पडद्यावर ते नव्वद टक्के दिसतं. कथा-लेखांना चाललं. कवितांची आणि जाहिरातींची पानं मात्र बारीक टाइपामुळे त्रासाची झाली, तिथे मोठं करूनच वाचावं लागलं. वर्षभर मासिकांचंच काम असेल तर मी ४:३ प्रमाणाचा १३ इंची पडदा सुचवेन, पैसे जास्त पडले तरी. पण वेग किती वाढला ते याच काळात कळलं. सकाळी फाइल आली, दुपारी खुणा करून गेली, रात्री दुसरं प्रूफ आलं. पूर्वी याला आठवडा लागायचा. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. जीमेलवर २५ एमबीच्या वर जोडणी जात नाही आणि चित्रं असलेला अंक सहज त्याच्या वर जातो. मी नावात प्रुफाचा क्रमांक आणि तारीख घालते आणि आधीच्या फेरीची फाइल कधीच पुसत नाही. लेखकाने ‘हे मी कधी बदललं?’ असं विचारलं की तीच उपयोगी पडते.

या वेगाचा एक ताणही आहे. कुरिअर वाटेत असायचं तेव्हा डोळ्यांना आपोआप विश्रांती मिळायची. आता रात्री अकराला फाइल येते आणि समोरचा सकाळी विचारतो. सप्टेंबरच्या मध्याला डोळे जळजळू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर तपासला आणि टॅब ज्या अंतरावर ठेवते त्या अंतराचा वाचनाचा वेगळा चष्मा दिला. आधीचा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला होता, त्यात मान वर करून वाचावं लागत होतं. चष्म्याचे २,८०० रुपये मी टॅबच्या खर्चातच धरते. टॅबचं वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास आहे, हातात धरून तासभर काम होत नाही. उतरत्या डेस्कवर ठेवा, मान वाचते.

एका संस्थेच्या गौरवग्रंथात कागदपत्रांची बाजूही कळली. खाजगी प्रकाशकांना ‘छापण्यास हरकत नाही’ असं टॅबवर लिहून सही केलेली फाइल चालते. संस्थेच्या लेखाविभागाला मात्र बिलासोबत तपासलेल्या प्रुफाचा सही केलेला कागद लागत होता, आणि पेनाने पडद्यावर केलेली सही त्यांना मान्य नव्हती. शेवटी पहिलं पान, शेवटचं पान आणि प्रत्येक फर्म्याचं (एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाचं) पहिलं पान छापून त्यांवर शाईने सही केली, बाकीचं ईमेलने पाठवल्याचं पत्र जोडलं. काम ऑगस्टअखेर झालं होतं, पैसे नोव्हेंबरात आले. संस्थांचं काम घेताना सही कशी लागेल, कुठल्या पानांवर लागेल आणि छपाईचा खर्च कुणाचा, हे दरपत्रकातच लिहून घ्या. मी आता लिहिते.

मुखपृष्ठ, श्रेयनामावलीचं पान आणि अनुक्रमणिका ही तीन ठिकाणं मी अजून कागदावरच पाहते. लेखकाच्या नावातली चूक पडद्यावर निसटलेली मी इतरांच्या पुस्तकांत पाहिली आहे, आणि तिथे धोका पत्करायची माझी तयारी नाही. बाकी सगळं टॅबवर. दिवाळीपर्यंत कुरिअर, घरची छपाई आणि पुण्याच्या फेऱ्या यांत जे वाचलं त्यातून टॅबच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा निघाला. दोन नवी कामं मात्र केवळ ‘दोन दिवसांत प्रूफ परत देऊ’ असं म्हणता आलं म्हणून मिळाली. पेनाची टोकं झिजतात. माझं पहिलं टोक नोव्हेंबरात बदललं, जास्तीची टोकं आधीच मागवून ठेवली होती. टॅब बघायला दुकानात जाल तेव्हा मोबाइलमध्ये तुमच्याच एखाद्या पुस्तकाची पीडीएफ आणि पिशवीत तेच छापील पुस्तक घेऊन जा. दुकानातल्या टॅबवर फाइल उघडून पुस्तक शेजारी धरा आणि अनुस्वार वाचून पाहा.